भाताचा घास आणि फेसाचा नळा

खाऱ्या पाण्याची टाकी बसवून द्या म्हणून कुणी आलं, की माझा पहिला प्रश्न माशांबद्दल नसायचा. घरात माणसं किती, असं मी विचारायचो. दुसरा प्रश्न, त्यातल्या कुणाला खाऊ घालायची हौस आहे का? गिऱ्हाईक गोंधळायचं. बोरिवलीचे एक दातांचे डॉक्टर तर चिडलेच. म्हणाले, तुम्ही टाकी विकता की शिरगणती करता? मी म्हटलं, साहेब, टाकीची वाट मासे लावत नाहीत, माणसं लावतात. त्यांनी ते हसण्यावारी नेलं आणि टाकी पेशंट बसतात त्या खोलीत ठेवली. झालं! दाढ धरून बसलेला प्रत्येक माणूस जाता जाता बिस्किटाचा तुकडा पाण्यात टाकू लागला. दात दुखत असताना लोक खिशात बिस्किटं का बाळगतात, हे मला आजवर कळलेलं नाही. शेवटी मी झाकणाला कुलूप बसवलं आणि किल्ली कंपाउंडरकडे दिली.

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहा, असं संपादक म्हणाले, म्हणून हे लिहितोय. मी अंधेरीच्या मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा ख्रिस्ती. वडिलांची थोडी भातशेती, आईचं माहेर मढला, मामा सगळे मासेमारीतले. मी मात्र लोखंडी अँगल जोडणारा कारागीर. फिशटँकच्या फ्रेमी बनवता बनवता टाक्या विकू लागलो, आणि साठच्या दशकात काही हौशी लोकांनी खाऱ्या पाण्याचा नाद लावला तेव्हा त्यात पडलो. त्या वेळी मुंबईत हे काम करणारे आम्ही थोडकेच. खारं पाणी लोखंड असं खातं, जसे आमच्या लग्नात पाहुणे वडे खातात. पहिली दोन वर्षं मी नुसता गंज खरवडत होतो. बायको म्हणायची, तुम्ही मासे पाळता की गंज?

आता ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कंटाळू नका. मासा खातो आणि घाण करतो. उरलेलं अन्न कुजतं. समुद्रात हे सगळं वाहून जातं, काचेच्या पेटीत ते जाणार कुठे? आधी त्याचं विष होतं, माशाला मारणारं. मग वाळूतले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या विषाचं खत करतात. खताने मासा मरत नाही, पण शेवाळ माजतं, पाणी पिवळं पडतं आणि नाजूक जीव गुदमरतात. 'पाण्यात खत चढलं' असं आम्ही म्हणायचो. अख्खा धंदा म्हणजे हे खत चढू न देणं.

त्याचे उपाय म्हणाल तर चार. एक, वाळूखालचा फिल्टर. तळाशी भोकांची पट्टी, वर जाड वाळू, हवेच्या जोरावर पाणी वाळूतून खेचायचं. याने विषाचं खत होतं, पण खत पाण्यातच राहतं. दुसरा, कोळसा. तो रंग आणि वास पितो, बाकी काही नाही. तिसरा, फेसाचा नळा. जुहूला एका परदेशी साहेबाच्या बंगल्यात मी तो पाहिला. उभ्या नळ्यात खालून अगदी बारीक बुडबुडे सोडायचे, पाण्यातली चिकट घाण बुडबुड्यांना धरून फेस होऊन वर येते आणि वरच्या वाटीत पडते, कुजायच्या आधीच. साहेबाने नळा हातात घेऊन बघू दिला, मी घरी येऊन पाट्या रंगवणाऱ्याकडून प्लॅस्टिकचा नळा मिळवला आणि हवा बारीक होऊन सुटावी म्हणून बुडाशी हलकं, सच्छिद्र पांगाऱ्याचं लाकूड तासून बसवलं. झकास चाललं. चौथा उपाय, शेवाळच पाळायचं. शेजारी उथळ थाळी, वर ट्यूबलाइट, त्यात शेवाळ वाढू द्यायचं आणि कापून फेकायचं. जेवढं कापाल तेवढं खत घराबाहेर जातं.

यातला कुठला उपाय कुठे लावायचा, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मुलुंडच्या कुबलांच्या घरी शिकलो. तीच गोष्ट सांगायची आहे.

वसंत कुबल मालवणचा, गाबीत, म्हणजे तिकडच्या दर्यावर्दी मच्छीमारांतला. मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी, एकदा गेला की कित्येक महिने घरी नाही. बायको शैलाबाई मुलुंडलाच शाळेत शिकवायच्या. वडील तापाने गेल्यावर वसंताने आईला गावाहून इथे आणलं. आता मुलुंडात समुद्र कुठला? एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला मिठागरं. म्हातारीने जन्म काढला तो दारात लाट ऐकत. इथे आल्यावर तिचं जेवण तुटलं, बोलणं तुटलं. दिवसभर गॅलरीत बसून राहायची. तेव्हा वसंताच्या डोक्यात आलं की आईला समुद्राकडे नेता येत नाही तर समुद्रच घरी आणू.

आणि पठ्ठ्याने खरंच आणला. मालवणच्या खडकांतले दगड पाण्याने भरलेल्या डब्यांत घालून कोकण बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरवले, बोटीवर सायकलच्या पंपाने डब्यांत हवा मारत बसला होता म्हणे. त्या दगडांवर बटणांएवढी हिरवी-तपकिरी फुलं होती. फुलं म्हणजे खरी फुलं नव्हेत, जिवंत प्राणीच ते. पाणी चांगलं असलं की उमलतात, बिघडलं की मूठ मिटून बसतात. शिवाय दोनतीन पट्टेरी मासे आणि शंखात राहणारे खेकडे.

मी नेहमीचे दोन प्रश्न विचारले. वसंत म्हणाला, माणसं तीन, त्यातला मी नसल्यातच जमा. आणि खाऊ घालायची हौस? छे हो, आमच्या आईला मासे पाळायचे असतात हेच पटत नाही, ती कालवण करते. मी निर्धास्त झालो आणि वाळूखालचा फिल्टर बसवून दिला. पाणी मामांच्या होडीतून आणलेलं होतं, खाडीच्या तोंडापासून लांबून, भरतीच्या वेळी भरलेलं. ओहोटीचं पाणी खाडीची सगळी घाण घेऊन येतं, ते आम्ही घेत नसू. पवईवरून टेम्पोत डबे डुचमळत आले. टाकी भरली तशी म्हातारी जवळ आली, पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "आमचोच." तिचा दर्या म्हणजे मालवणचा. पाणी मढचं होतं, पण मी गप्प बसलो. त्या दिवशी ती पोटभर जेवली, असं वसंताने मला नंतर सांगितलं.

वसंत जहाजावर गेला आणि काही महिन्यांनी शैलाबाईंचा निरोप आला, पाणी दुधासारखं झालंय. गेलो. पाणी बदललं, वाळू धुतली, कोळसा घातला. आठवडाभर बरं, मग परत तेच. दूध गेलं की हिरवे केस यायचे, दगडांवर लांब लांब. मी आमच्या मढच्या पाण्यावर संशय घेतला, मामांशी भांडलो. पंपावर संशय घेतला. ढेकणांसाठी घरात औषध मारलं होतं का, भिंतीला नवा रंग दिला होता का, सगळं विचारून झालं. शैलाबाई बिचाऱ्या वैतागल्या. दगडांवरची फुलं मिटली ती उघडेनात.

एक दिवस जिन्यात मला थांबवून त्या म्हणाल्या, "मासे मेले तर दुसरे आणू. पण ते दगड मेले तर आई राहायच्या नाहीत. कळतंय का तुम्हाला?" मग त्यांनी सांगितलं ते असं, की बऱ्याच दिवसांत वसंताचं पत्र नव्हतं. जहाज कुठे आहे ठाऊक नाही. म्हातारीने फुलं मिटलेली पाहिली आणि धरून बसली की दर्या रुसलाय. तिच्या लेखी ती टाकी म्हणजे शोभेची वस्तू नव्हती. ज्या पाण्यावर तिचा मुलगा होता तेच पाणी ते. जेवण पुन्हा बंद, टाकीसमोर पाट टाकून बसून राहायची. डॉक्टर येऊन गेले, सलाइनचं बोलले. मी जिन्यातूनच परत वर गेलो.

त्या दिवशी मी सगळी वाळू बाहेर काढायला घेतली. तळाशी हात घातला तर बोटांना काहीतरी मऊ लागलं. वर काढून बघतो, तर भात! सुजलेली शितं, खोबऱ्याचा कीस, कुजलेलं तुळशीचं पान. वाळूत थरच्या थर. माझा फिल्टर पाणी वाळूतून खेचत होता, आणि पाण्याबरोबर तो भातही खाली खेचून साठवत होता. मी तळहातावर घेऊन शैलाबाईंना दाखवलं. त्या दुपारच्या शाळेत जायच्या, त्यांना काहीच पत्ता नव्हता. त्यांनी सासूकडे बघितलं. म्हातारी जरासुद्धा ओशाळली नाही.

"मीच घालतय," ती म्हणाली. "रोजचो घास. दर्याक निवेद नको? माजो झील दर्यार आसा." झील म्हणजे मुलगा.

शैलाबाई चढ्या आवाजात म्हणाल्या की तुमच्या भातानेच तुमचा दर्या सडला, आता तरी बंद करा. मला म्हणाल्या, तुम्ही सांगा, माझं त्या ऐकत नाहीत. मी आपला प्रयत्न केला. कावळ्याला घाला, तुळशीत ठेवा, गच्चीवर ठेवा. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "तुका काय करूचा ता कर. निवेद बंद होवचो नाय."

खरं सांगतो, मला तिचा राग आला नाही. माझी आजी मढला पाद्र्याने पाणी शिंपडल्याखेरीज नवी होडी लाटेवर जाऊ द्यायची नाही. मामांनी एकदा घाई केली तर तिने वल्ही लपवून ठेवली होती. तिला कुणी सांगितलं असतं, की म्हातारे, त्या पाण्याने लाकूड कुजतं, तर तिने ऐकलं असतं का? आणि मी कोण लागून गेलो कुबलांच्या म्हातारीला शिकवणारा? घरातलं माणूस बदलता येत नसेल तर फिल्टर बदलायचा, इतकंच माझ्या हातात होतं. जिना उतरताना मी ठरवलं की या टाकीला आता रोजच्या भातासकट जगवायचं.

पहिलं काम, वाळू हद्दपार. तळ उघडी काच. भात पडला तर दिसला पाहिजे, खेकड्यांना सापडला पाहिजे, उरला तर नळीने ओढून काढता आला पाहिजे. आता वाळू नाही म्हणजे विषाचं खत करणारे जीव बसणार कुठे? तर त्या दगडांवरच. मालवणचे दगड भोकाभोकांचे, त्यांच्यात पुरेशी जागा होती. दुसरं काम, फेसाचा नळा. विष व्हायच्या आत घाण बाहेर.

नळा लावला आणि माझी फजिती झाली. फेस येईचना. एरवी वाटी भरून तपकिरी पाणी यायचं, इथे नळ्यात नुसते बुडबुडे वर जाऊन फुटत होते. लाकूड बदललं, हवा वाढवली. मग पाण्यावर बोट फिरवलं तर तेलकट लागलं. खोबरं! तेलाचा थेंब पडला की साबणाचा फेस कसा बसतो, हे प्रत्येक बाईला माहीत असतं, मलाच सुचलं नव्हतं. भात चालेल, खोबरं चालायचं नाही.

हे म्हातारीला सांगायला मी टाकीसमोर खाली फरशीवर बसलो. नळा दाखवला, फेस कसा वर यायला पाहिजे ते दाखवलं, आणि म्हटलं, मावशी, भात तुमचा, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण खोबऱ्याने हा माझा नळा मरतो. तुम्ही थोडं सोडा, मी थोडं सोडतो. तिने बराच वेळ नळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नारळ मगे पुनवेक मोठ्या दर्याक देयन. तूच घेवन जा." म्हणजे दर नारळी पौर्णिमेला मुलुंडहून नारळ घेऊन मी मढला जायचं आणि मामांच्या होडीतून तो सोडायचा. मी कबूल झालो. मरोळचा कॅथलिक माणूस कुबलांचा नारळ घेऊन जातो म्हणून मामा लोकांनी पुढे कितीतरी वर्षं माझी थट्टा केली, पण होडीला कुणी नाही म्हटलं नाही.

खोबरं थांबलं तसा फेस चढू लागला. वाटीत चहासारखं पाणी जमू लागलं आणि वास असा की शैलाबाई नाकाला पदर लावून ती ओतायच्या. उरलेल्या खतासाठी मी शेवाळाची थाळी जोडली. जे हिरवे केस दगडांना गुदमरवत होते, ते आता थाळीत ट्यूबलाइटखाली वाढायला लागले आणि दगड मोकळे झाले. शैलाबाई दर रविवारी कात्रीने ते कापून कुंडीत टाकायच्या.

पाणी स्वच्छ झालं तरी फुलं मिटलेलीच होती. माझ्या हातात आता काही नव्हतं. मी काम नसताना मुलुंडला खेपा घालू लागलो, बायको विचारायची, तिकडे काय पुरून ठेवलंय? एके सकाळी गेलो तर दार शैलाबाईंनी उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. मोठ्या दगडाच्या कडेला दोन फुलं उघडली होती. फक्त दोन. म्हातारी पाटावरच होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि म्हणाली, "शैला, माका पेज दी." शैलाबाई आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला आणि मग त्यांच्या रडण्याचा. मीही तोंड फिरवून पंप तपासत बसलो, पंपाला काहीएक झालं नव्हतं.

वसंताचं पत्र त्यानंतर आलं, कुठल्याशा लांबच्या बंदरातून. जहाज दुरुस्तीला अडकलं होतं, बाकी ठीक. तो सुट्टीवर आला तेव्हा सगळा दगड फुलांनी भरला होता. मला म्हणाला, तुम्ही तर आमच्या आईला फिल्टर बसवलात. मी म्हटलं, नाही रे, आईच्या मापाने फिल्टर बसवला.

त्यानंतर मी ठिकठिकाणी टाक्या केल्या. गोरेगावच्या स्टुडिओत एका गाण्यासाठी केली, तिथे सेटवरच्या कुणीतरी पाणी निळं दिसावं म्हणून त्यात शाई ओतली आणि माझे सगळे मासे गेले, त्याचं वाईट मला अजून वाटतं. घाटकोपरला केली, कांदिवलीला केली. कितीतरी मेल्याही. पण कुबलांची टाकी चालत राहिली. वसंत जायचा, यायचा. म्हातारी रोज दुपारी पहिला घास पाण्यात सोडायची, ओठ हलवून काहीतरी पुटपुटायची आणि मग स्वतः जेवायची. भात किती, हे तिच्या बोटांनी ठरलेलं होतं आणि फिल्टर त्या बोटांवर बेतलेला होता.

म्हातारी गेली ती आजारी न पडता, मुलगा घरी असताना. मी मातीला गेलो होतो. दिवसकार्य झालं, वसंताची सुट्टी संपली, तो परत जहाजावर गेला. थोड्या दिवसांनी शैलाबाईंचा निरोप आला, टाकीला काहीतरी झालंय.

पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, मी इतकं स्वच्छ पाणी कधी पाहिलं नव्हतं. पण थाळीतलं शेवाळ पिवळं पडून विरघळत होतं. फेसाची वाटी कोरडी. आणि दगडावरची फुलं आक्रसलेली, रंग उतरलेला. मी पंप बघितला, लाकूड बघितलं, पाणी चाखलं. कशात काही खोट नव्हती. शैलाबाई म्हणाल्या, मी तर सगळं वेळच्या वेळी करतेय, कापतेय, धुतेय, मग काय चुकलं?

तेव्हा माझ्या लक्षात आलं. रोजचा भात गिळायला मी जी यंत्रणा लावली होती, तिला आता भातच मिळत नव्हता. माशांच्या चिमूटभर खाण्यातलं तर काही उरतच नव्हतं. नळा आणि शेवाळ मिळून पाण्यातला कण न् कण उचलत होते, आणि दगडावरचे जीव उपाशी मरत होते. आम्ही आयुष्यभर खत चढू नये म्हणून धडपडलो, ते अजिबात नसलं तरी चालत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

उपाय सोपा होता. नळा बंद करायचा, थाळी काढून घ्यायची. माझे हात स्क्रू-ड्रायव्हरकडे गेलेही होते. पण मी थांबलो.

"शैलाबाई," मी म्हटलं, "घास थांबलाय. रोज चिमूटभर भात घालायला लागेल."

ज्या भातावरून त्यांनी सासूशी एवढा वाद घातला होता, तोच भात मी त्यांना घालायला सांगत होतो. मग त्या उठल्या, आत जाऊन पातेल्यातला भात वाटीत घेऊन आल्या आणि झाकण सरकवून उभ्या राहिल्या.

"नुसता घालायचा की काही म्हणायचंही असतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मावशी काहीतरी म्हणायच्या खऱ्या, मला कधी ऐकू आलं नाही. तुम्हाला वाटेल ते म्हणा, फिल्टरला त्याचा त्रास नाही.

शैलाबाईंनी नवऱ्याला माझ्यासमोर कधी नावाने हाक मारलेली नव्हती. 'हे' म्हणायच्या, नाहीतर 'आमच्याकडचे'. त्यांनी बोटांनी भात घेतला, पाण्यावर वाकल्या, आणि हळूच पण मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "वसंताला सांभाळ."